सिरॉसिसचा पेशंट घरी आणल्यावर: लॅक्टुलोज, जेवण आणि संडासची वही

डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं पातळ औषध लिहून दिलेलं असतं, रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक दिलेलं असतं, डिस्चार्ज कार्डावर सगळं व्यवस्थित असतं. तरी महिन्या-दीड महिन्यात तोच पेशंट पुन्हा बरळत, गुंगीत, गाडीत आडवा घालून बेळगावला न्यावा लागतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात औषधाचं दुकान चालवताना हे वरचेवर दिसतं. विचारलं की कारणं ठरलेली निघतात. ‘पोट साफ झालं म्हणून औषध बंद केलं.’ ‘पथ्य म्हणून डाळ-दूध बंद केलं.’ ‘रात्री झोपत नव्हते, झोपेची गोळी दिली.’

सिरॉसिसमुळे, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याच्या आजारामुळे, ज्यांच्या पेशंटला एकदा तरी भ्रम झाला आहे, त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. डॉक्टर या भ्रमाला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. ठरलेला डोस घरात नीट कसा चालवायचा, ते इथं सांगतो.

## आधी एवढं समजून घ्या

आतड्यातून निघालेलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून थेट लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेनं येतं. मोठ्या आतड्यातले जंतू प्रथिनांचे उरलेले अंश आणि युरिया फोडून अमोनिया तयार करतात. धडधाकट माणसाचं लिव्हर या अमोनियाचा युरिया करतं आणि तो लघवीतून निघून जातो. सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कामाच्या पेशी कमी होतात, शिवाय कडक झालेल्या लिव्हरला टाळून बरंच रक्त आडवाटेनं पुढे जातं. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. सिरॉसिसमध्ये आतड्यातल्या जंतूंची वस्तीच बदलते. उपयोगी जंतू घटतात, त्रासदायक वाढतात, लहान आतड्यात जिथं जंतू थोडेच असायला हवेत तिथं गर्दी होते. आतड्याची भिंत झिरपू लागते आणि जंतू किंवा त्यांचे विषारी अंश रक्तात, पोटात साठलेल्या पाण्यात उतरतात.

म्हणून दुखणं लिव्हरचं असलं तरी रोजचा उपचार बराचसा आतड्यावर चालतो. लॅक्टुलोज ही एक साखर आहे, पण आपल्या लहान आतड्याला ती पचवता येत नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे अमोनियाचं रूप असं बदलतं की तो रक्तात शोषला जात नाही, संडासवाटे बाहेर पडतो. पोट साफ होणं हा त्याच्या कामाचा अर्धाच भाग. ज्या घरात हे कळलं नाही त्या घरात पुढच्या सगळ्या चुका होतात.

## टप्पा १: वॉर्ड सोडण्याआधी

घरी जायच्या घाईत बिल, गाडी, सामान याकडे लक्ष असतं. त्याआधी डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून पुढच्या गोष्टी वहीत लिहून घ्या. तोंडी ऐकून चालत नाही, घरी पोचेपर्यंत प्रत्येकाला वेगळं आठवतं.

१. लॅक्टुलोजचा सुरुवातीचा डोस किती मिली आणि दिवसातून किती वेळा. साधारणपणे १५ ते ३० मिली, दिवसातून २ ते ३ वेळा, असा असतो. तुमच्या पेशंटचा आकडा वेगळा असू शकतो.

२. दिवसात २ पेक्षा कमी संडास झाल्या तर डोस किती वाढवायचा, ४ किंवा जास्त पातळ झाल्या तर किती कमी करायचा. ही मुभा आधीच मागून घ्या, नाहीतर रात्री आठ वाजता डॉक्टरांचा फोन लागत नाही आणि घरातले आपापल्या अंदाजानं ठरवतात.

३. पाणी वगळून पेशंटचं खरं वजन किती धरायचं. पोटात पाणी साठलेलं असताना काट्यावर ६८ किलो दिसलं, तरी माणूस ६० किलोचा असू शकतो. जेवणाचा हिशेब या खऱ्या वजनावर.

४. अंग दुखलं, ताप आला तर कोणती गोळी चालेल आणि किती.

५. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद.

वहीच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, औषधं, ॲलर्जी आणि दोन फोन नंबर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून ठेवा. आपल्याकडे माणूस कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला दाखवून येतो आणि रात्री-अपरात्री न्यावं लागतं जवळच्या सरकारी दवाखान्यात. तिथल्या ड्युटीवरच्या सिस्टरला पहिल्या मिनिटात समजलं पाहिजे. कार्ड इंग्रजीत असतं हे खरं, पण घाईत डॉक्टरी अक्षर कोण लावत बसणार?

सोबत घ्यायचं सामान: मिलीच्या खुणा असलेलं मापाचं टोपण किंवा कप, डिजिटल वजनकाटा, थर्मामीटर, दोनशे पानी वही. डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटरसुद्धा.

## टप्पा २: बाटली नीट ओळखा

दुकानात येऊन ‘ते पोट साफ व्हायचं पातळ औषध द्या’ असं म्हणू नका. पोट साफ होण्याची पातळ औषधं बरीच आहेत. लिक्विड पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं असतं, पिकोसल्फेटचं असतं. इसबगोलाचा भुसा तर घरोघरी असतो. यांनी संडास होईल, पण मोठ्या आतड्यात ते आम्ल तयार होणार नाही आणि अमोनिया तसा अडणार नाही. मॅग्नेशियाच्या औषधाचा किडनी कमजोर असलेल्या माणसाला त्रासही होतो.

लेबलवर ‘लॅक्टुलोज’ हे नाव आणि ‘१५ मिलीत १० ग्रॅम’ हे प्रमाण वाचा. कंपनी कुठलीही चालेल. काही डॉक्टर लॅक्टुलोजऐवजी लॅक्टिटॉल देतात, तेही चालतं. मात्र त्याचा डोस वेगळा, म्हणून एकातून दुसऱ्यात मनानं जाऊ नका.

आता हिशेब करा, कारण इथं खरी गोम आहे. दिवसाला ३० मिली तीनदा म्हणजे ९० मिली. २०० मिलीची बाटली सव्वादोन दिवसांत संपते. महिन्याला तेरा-चौदा बाटल्या लागतात. लोक एक बाटली नेतात आणि ती पंधरा दिवस पुरवतात. रोज एक चमचा, ‘चालू आहे औषध’ म्हणून. चालू असतं, पण नसल्यासारखंच. खर्च परवडत नसेल तर आधीच बोला. मोठी बाटली स्वस्त पडते, जनऔषधी केंद्रात विचारता येतं, सरकारी दवाखान्यातून काही भाग मिळू शकतो. डोस कमी करणं हा शेवटचासुद्धा उपाय नाही.

तपासा: घरात किमान आठवड्याचा साठा आहे का? सीमाप्रश्न तापला की दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबतात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नाही. बाटलीच्या तळाशी दोन बोटं औषध उरेपर्यंत वाट बघू नका.

औषध उन्हापासून लांब ठेवा. रंग थोडा गडद झाला तर घाबरू नका, तेवढ्यानं औषध वाया जात नाही. फ्रीझरमध्ये मात्र ठेवायचं नाही.

## टप्पा ३: डोस संडासवर ठरवा, बाटलीवर नाही

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. उद्दिष्ट एकच: दिवसात २ ते ३ मऊ संडास. मऊ, पाण्यासारख्या नव्हे.

१. सकाळी उठल्यावर पहिला डोस मापानं मोजून द्या. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. कुणाच्या घरातला ५ मिलीचा असतो, कुणाच्या १०.

२. गोडमिट्ट चव नको वाटते. पाण्यात, बिनमिठाच्या ताकात किंवा फळाच्या रसात मिसळून दिलं तर चालतं. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध त्याच सुमाराला देऊ नका, त्यानं आतड्यातलं आम्ल मारलं जातं.

३. दुपारचा आणि रात्रीचा डोस ठरल्या वेळी. संडास झाली म्हणून दुपारचा डोस टाळायचा नाही.

४. प्रत्येक संडास वहीत मांडा: वेळ, मऊ की पातळ की घट्ट, रंग.

५. संध्याकाळी सहा वाजता मोजा. एकच झाली असेल किंवा एकही नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला वाढीव डोस. दोन-तीन झाल्या असतील तर नेहमीचा. चार किंवा जास्त, पातळ, तर लिहून दिल्याप्रमाणे कमी करा किंवा एक डोस सोडा.

परिणाम दिसायला २४ ते ४८ तास लागू शकतात. पहिले काही दिवस पोट फुगतं, गॅस होतो. जंतू साखर खात असल्याची ती खूण आहे, ॲलर्जी नव्हे. त्यासाठी औषध बंद करू नका.

इशारा: जास्त डोस म्हणजे जास्त फायदा असं नाही. दिवसात सात-आठ पातळ जुलाब झाले तर अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, किडनीवर ताण येतो आणि त्यामुळेच भ्रम परत येतो. मग घरातले म्हणतात, ‘औषध देऊनसुद्धा झालं.’ औषध जास्त झाल्यानं झालेलं असतं.

दुसरा इशारा: माणूस गुंगीत असेल, नीट गिळत नसेल, तर तोंडात लॅक्टुलोज ओतू नका. श्वासनळीत जातं. अशा वेळी हॉस्पिटलमध्ये ते नळीनं किंवा एनिमातून देतात.

पेशंट पुरुष असेल आणि त्याला संडासबद्दल बायकोशी, सुनेशी बोलायला संकोच वाटत असेल, तर संडासच्या दाराआड खडू टांगून ठेवा. झाली की एक रेघ. आपल्या घरांत हा संकोच किती औषधं फुकट घालवतो, ते काउंटरच्या या बाजूनं कळतं.

## टप्पा ४: रिफॅक्सिमिन अर्ध्यावर सोडू नका

एकदा भ्रम येऊन गेल्यावर लॅक्टुलोज देऊनही तो परत आला, तर सोबत बहुधा रिफॅक्सिमिन ५५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात. हे अँटिबायोटिक आतड्यातच राहतं, रक्तात जवळपास शोषलं जात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत २९९ पेशंट होते. सहा महिन्यांत भ्रम परत आला तो रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्क्यांना. त्यातले बहुतेक जण लॅक्टुलोजही घेत होते, हे लक्षात ठेवा. एकाच्या बदल्यात दुसरं नाही, दोन्ही बरोबर.

चूक अशी होते: अँटिबायोटिक म्हटलं की पाच दिवसांचा कोर्स, हे डोक्यात पक्कं बसलेलं. एक पट्टी संपली की बंद. हे औषध महिनोन्‌महिने चालवायचं असतं, डॉक्टर थांबवेपर्यंत. दुसरी चूक आमच्या बाजूची, दुकानदारांची. जुलाबासाठी हेच औषध २०० आणि ४०० मिलीग्रॅममध्येही येतं, आणि ५५० ची पट्टी नसली की ते हातात दिलं जातं. पट्टीवरचा आकडा वाचा.

## टप्पा ५: जेवण

इथं जुन्या समजुतीनं सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. ‘अमोनिया प्रथिनांतून होतो ना, मग डाळ, दूध, अंडी बंद.’ पूर्वी काही डॉक्टरही असंच सांगत. आज सल्ला उलटा आहे, कारण लिव्हर थकल्यावर अमोनिया निकामी करण्याचं बरंचसं काम स्नायूंवर येतं. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की अमोनिया वाढतो.

प्रमाण: खऱ्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ऐकायला जास्त वाटतं, म्हणून आपल्याच ताटातला एक दिवस मांडतो. आकडे अंदाजे आहेत:

- सकाळी ७: एक मोठा कप दूध, एक उकडलेलं अंडं. १२ ग्रॅम.
- सकाळी १०: शेंगदाणे घातलेले पोहे. ५ ग्रॅम.
- दुपारी १: दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट मसुरीची आमटी, वाटीभर दही, पालेभाजी. २२ ग्रॅम.
- दुपारी ४: मूठभर फुटाणे. ६ ग्रॅम.
- रात्री ८: भाकरी-भात आणि वाटीभर मटकीची उसळ. १६ ग्रॅम.
- झोपताना: कपभर दूध आणि नाचणीचा लाडू किंवा एक चपाती. ९ ग्रॅम.

बेरीज ७० च्या आसपास. सोयाबीनच्या वड्या किंवा थोडं पनीर घातलं की भरून निघतं. डाळी, कडधान्यं, दूध-दही यांतली प्रथिनं या पेशंटला मटणापेक्षा बरी मानवतात, शिवाय त्यांतल्या चोथ्यावर चांगले जंतू वाढतात. मटण, कोंबडी डॉक्टरांनी बंद केली नसेल तर थोडीफार चालते.

झोपतानाचं खाणं ‘जमलं तर’ या सदरात टाकू नका. सिरॉसिसचं लिव्हर साखरेचा पुरेसा साठा करू शकत नाही, त्यामुळे रात्रभराच्या उपाशी पोटी शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. झोपण्याआधी साधारण ५० ग्रॅम पिठूळ पदार्थ पोटात गेलेच पाहिजेत, आणि दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी राहायचं नाही. डायबेटिस असेल तर लाडवाऐवजी चपाती, आणि गोळ्या-इन्शुलिनचा मेळ डॉक्टरांना विचारून.

इशारा: एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे, सौंदत्तीला जाताना धरलेला उपास, यांपैकी काहीच या पेशंटला झेपत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पटवणं अवघड जातं, ठाऊक आहे. उपास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरावा.

मिठाचं पथ्य पोटात किंवा पायांत पाणी असेल तर. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. भाजीतलं मीठ कमी करून बाजूला लोणचं, पापड, खर्डा, भडंग, सुकी मासळी वाढली तर पथ्य कागदावरच राहतं. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ मात्र मुळीच वापरू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. नारळपाणीही अशा वेळी विचारूनच.

दही, ताक खुशाल द्या. प्रोबायोटिकच्या पुड्यांबद्दल लोक विचारतात. काही अभ्यासांत थोडा उपयोग दिसला आहे, पण लॅक्टुलोजची जागा घेईल असं त्यांतलं काहीच नाही. पैसे मोजकेच असतील तर ते लॅक्टुलोजला लावा. दुसऱ्याच्या संडासमधले जंतू पेशंटच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराच्या बातम्या येतात. तो अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे, घरी करून बघण्याची गोष्ट तर अजिबात नाही.

## टप्पा ६: घरात काय येऊ द्यायचं नाही

झोपेची गोळी. दिवसा झोप आणि रात्री जाग, ही भ्रमाची पहिली खूण असते. घरातल्यांना वाटतं झोप पूर्ण झाली की बरं वाटेल, आणि अल्प्राझोलामची अर्धी गोळी दिली जाते. सकाळी माणूस उठतच नाही. गुंगी आणणारं खोकल्याचं औषध, सर्दीची जुनी पिवळी गोळी यांनाही हाच नियम.

अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफिनॅक. किडनी बसते, पोटात रक्तस्राव होतो. ऊसतोडणीच्या दिवसांत खिशात या पट्ट्या असतातच. पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित, पण सिरॉसिसमध्ये साधारणपणे दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच.

वर्षानुवर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी. पोटातलं आम्ल हे जंतूंना अडवणारं पहिलं दार आहे. सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल सवय म्हणून घेत राहिलं की जंतू खाली सरकतात, पोटातल्या पाण्यात संसर्ग आणि भ्रम दोन्हींची शक्यता वाढते. मात्र अन्ननलिकेतल्या शिरांना बँड बांधले असतील तर ही गोळी काही दिवस मुद्दाम देतात. म्हणून मनानं बंद नाही, पुढच्या भेटीत विचारायचं: ‘ही अजून लागते का?’

काविळीचा झाडपाला. ठरावीक वारी, उपाशीपोटी, सोबत तेल-मीठ-डाळ बंद. त्या पथ्यानं टप्पा ५ मधलं सगळं मोडतं, आणि पाल्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही. गुळवेलीच्या काढ्यानं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी केल्या आहेत. ‘नैसर्गिक आहे’ हा युक्तिवाद मी काउंटरवर रोज ऐकतो. धोतराही नैसर्गिकच असतो.

दारू. आजार दारूमुळे झालेला असो वा नसो, एक घोटही नाही. ‘गोव्याची चांगली असते’ हेही नाही. दारूनं आतड्याची भिंत आणखी झिरपते. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडताना हातपाय कापतात, फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

## टप्पा ७: रोजची पाच मिनिटांची परीक्षा

भ्रम सहसा एका क्षणात येत नाही. एक-दोन दिवस आधी चाहूल देतो, पण ती पकडायला रोज एकाच वेळी बघावं लागतं. रात्रीच्या जेवणाआधीची वेळ बरी.

१. आज वार कोणता, गावचा बाजार कधी, असं सहज विचारा.

२. वहीत सही करायला सांगा. शिकलेला नसेल तर गोल किंवा चांदणी काढायला सांगा. कालच्या शेजारी आजची. अक्षर वाकडं होऊ लागलं की नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

३. एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं. शेतकरी माणूस गाय, म्हैस, बैल, रेडा, शेळी, मेंढी असं झरझर म्हणतो. १० पेक्षा कमी झाली, किंवा नेहमीपेक्षा एकदम घसरली, तर डॉक्टरांना फोन. पेशंट चांगला असताना एकदा करून त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

४. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, ‘थांबा’ म्हणताना करतो तसे पंजे वर. पंजे मधूनच झटका घेऊन खाली पडत असतील तर ती खूण आहे.

५. सकाळी संडास झाल्यावर, काही खाण्याआधी घेतलेलं वजन. पाणी उतरवण्याच्या गोळ्या चालू असताना रोज अर्ध्या किलोपेक्षा जास्त घट (पायांवर सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त) झाली तर गोळ्या जास्त होत आहेत, कळवा. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढलं, तर पाणी साठतंय.

वहीतली एक ओळ अशी दिसावी:

*मंगळवार. लॅक्टुलोज ३०-३०-३०. संडास ३, मऊ, पिवळी. वजन ५९.४. ताप नाही. प्राणी १४. सही ठीक. दुपारी तासभर झोप.*

तपासा: डायबेटिस असेल आणि माणूस गोंधळला असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. साखर उतरली तरी असंच दिसतं.

एकदा भ्रम होऊन गेलेल्या माणसानं डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर चालवायचा नाही. विहिरीवरची मोटर चालू करायला एकट्यानं जायचं नाही. वागणं ठीक वाटलं तरी प्रतिक्रिया मंद झालेली असते.

## टप्पा ८: बिघडलं तर

भ्रम सहसा विनाकारण येत नाही. बद्धकोष्ठ, संसर्ग, पोटातला रक्तस्राव, अंगातलं पाणी कमी होणं, पोटॅशियम उतरणं, चुकलेले डोस, नको ती गोळी, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा असतं. म्हणून डॉक्टरांकडे नेताना ‘एकदम झालं’ म्हणू नका. वही उघडा आणि मागचे चार दिवस दाखवा.

थांबायचं नाही, लगेच न्यायचं, अशा खुणा:

- हाक मारून उठत नाही, किंवा माणसं ओळखत नाही.
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती अशी चिकट नसते. शंका असेल तर न्या.
- पोटात पाणी असताना ताप, पोटदुखी, किंवा नुसताच वाढलेला गोंधळ. आतड्यातले जंतू पाण्यात उतरून संसर्ग झालेला असू शकतो. तो सुईनं पाणी काढून, त्यातल्या पेशी मोजूनच कळतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त निघाल्या की संसर्ग धरून उपचार सुरू करतात. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघितली की इथं माणूस हातचा जातो.
- दिवसभर लघवी नाही किंवा अगदी थोडी.

रात्री बडबड सुरू झाली, कपडे ओढायला लागला, तर काही घरांत आधी देवर्षी, म्हणजे भगत, गाठला जातो, काही घरांत ‘पुन्हा प्यायला असेल’ म्हणून झोपवलं जातं. दोन्हींत सहा-आठ तास जातात. अंगारा लावायचा असेल तर गाडीत लावा.

१०८ ला फोन करताना गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य, चारही सांगा. सीमेवरच्या गावात मोबाईलला पलीकडच्या राज्याचा टॉवर लागलेला असू शकतो, आणि एकाच नावाची गावं दोन्हीकडे आहेत. जवळची खूण द्या: साखर कारखाना, फाटा, देऊळ. गाडी येईपर्यंत पेशंटला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका. वही, चालू औषधांच्या पट्ट्या, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि रेशन कार्ड एकाच पिशवीत दारामागे टांगलेलं असू द्या. बाटली संपत आलेली असली तरी तीही पिशवीत टाका. उरलेलं औषध बघून डॉक्टरांना खरा डोस कळतो.